नुसत्या जोडण्या मोजून भागत नाही

एक बँक बुडाली तर आणखी किती बुडतील हे बघायला बँकांमधल्या उधारीच्या जाळ्याचा नकाशा काढतात. त्यावरून ‘ज्या बँकेच्या जोडण्या (म्हणजे इतर बँकांशी उधारीचे संबंध) सर्वाधिक, ती सर्वांत धोकादायक’ असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटलं. नुसत्या जोडण्या मोजल्या की रक्कम आणि दिशा दोन्ही गळतात. ‘अ’ने ‘ब’ला उधार दिलं आणि ‘ब’ बुडाली, तर फटका ‘अ’च्या भांडवलाला. उलट ‘अ’ बुडाली तर ‘ब’चा तोटा काहीच नाही, पण पैसे तातडीने परत मागितले जातात, म्हणजे रोखतेची (हाताशी असलेल्या पैशाची) ओढाताण. रिझर्व्ह बँकेच्या वित्तीय स्थैर्य अहवालात हे दोन संसर्ग वेगवेगळे तपासतात ते म्हणूनच. समजा ‘अ’ची जोखीमभारित मालमत्ता (कर्जं वगैरे, जोखमीनुसार वजन देऊन मोजलेली) १००० कोटी, टियर १ भांडवल (तोटा सोसणारं मुख्य भांडवल) १०० कोटी आणि ‘ब’कडे अडकलेले ४० कोटी गेले. भांडवलाचं या मालमत्तेशी प्रमाण १० टक्क्यांवरून साधारण ६ वर. किमान मर्यादा ७ टक्के धरली असेल तर ‘अ’ही गेली असं मानून पुढची फेरी चालवायची, नवी बँक पडायची थांबेपर्यंत.

आणि नकाशात कोण घेतलंय हेही बघा. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक कोलमडली, तेव्हा गुजरातच्या कित्येक नागरी बँकांच्या ठेवी तिच्यात अडकल्या. फक्त व्यापारी बँकांचं जाळं काढलं असतं तर हा बिंदू कागदावर आलाच नसता. शिवाय परस्परांची देणी वजा करून निव्वळ आकडे भरू नका (हा घोळ फार जण करतात). पडझडीत वजावट कायद्याने मिळेलच असं नाही, त्यामुळे निव्वळ आकड्यांत तोटा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो.