फॅमिली फोटोसेशन, ९ माणसं आणि कपड्यांचा घोळ: मदत हवी आहे

पुढच्या रविवारी आमचं फॅमिली फोटोसेशन आहे. सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ, आमची दोन मुलं (मुलगा १५, मुलगी ६) आणि जावेचं ११ महिन्यांचं बाळ. जागा बाग, मागे दाट झाडी, वेळ सूर्य मावळायच्या आधीचा तास. फोटोग्राफर ठरलाय, वेळ ठरलीय. कपडे काही ठरत नाहीयेत.

दिरांनी सुचवलं, सगळ्यांनी पांढरा टीशर्ट आणि जीन्स. सासरे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आपण बँडपथक आहोत का?" तो विषय तिथेच संपला. सासूबाईंनी त्यांची वाइन रंगाची सिल्कची साडी आधीच ड्रायक्लीन करून आणलीय, त्यावर चर्चा नाही. मुलाला काळी हुडीच हवी. मुलीला तो डोळे दिपवणारा फ्लोरोसंट गुलाबी फ्रॉक. नवऱ्याचा 'लकी' शर्ट बारीक चौकडीचा आहे, आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढला की शर्टावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे वळवळताना दिसतात. हे काय प्रकरण आहे?

काल रात्री सगळ्यांचे कपडे पलंगावर मांडून पाहिले. माझा कुर्ता आणि दिरांचा शर्ट अगदी एकाच बिस्किटी रंगाचे वाटले, मी खूश. सकाळी तेच दोन्ही गॅलरीत नेले तर एक गुलाबीकडे झुकलेला, दुसरा चक्क हिरवटाकडे! आता माझ्याच डोळ्यांवरचा विश्वास उडालाय.

तर, एकसारखे न घालता एकत्र कसं दिसायचं? नवीन खरेदी शक्यतो नकोय, घरात कपडे उदंड आहेत.

सुईदोरा: साडीवर चर्चा नाही ना? मग उत्तम, सुरुवात तिथूनच करा. जो कपडा बदलणारच नाही तो मधे ठेवायचा आणि बाकीचे त्याच्याभोवती जुळवायचे. बहुतेक लोक स्वतःच्या कपड्यांपासून सुरू करतात आणि शेवटी आजीला म्हणतात, "तुम्ही काहीतरी मॅचिंग घाला." वाइनच्या शेजारी मोतिया, राखाडी, धुरकट निळा, फिका गुलाबी, सगळं चालेल. एवढंच बघा की वाइन रंग आणखी एक-दोन ठिकाणी, साडीपासून जरा लांब, पुन्हा दिसला पाहिजे. मुलाचा टीशर्ट, बाळाचे मोजे, काहीही. नाहीतर त्या एकट्या वेगळ्या पडतील. मोठं डिझाइन एका, फार तर दोघांच्या अंगावर. बाकी प्लेन.

उन्हाचा चष्मा: शर्टाच्या पट्ट्यांना मॉयरे म्हणतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पिक्सेलची बारीक जाळी असते, कापडावर रेघांची. दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की तिसरीच नक्षी तयार होते. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरून हलवा, तेच दिसेल. ती नंतर एडिटिंगमध्ये घालवताना जीव जातो, आणि ग्रुप फोटोत माणूस लांब असल्याने जी चौकडी जवळून ठीक दिसते तीही बारीक होते. मोठी चौकडी चालेल, ही नको. लकी शर्ट गाडीत ठेवा, नशीब तेवढ्या अंतरावरून काम करेल.

बिस्किटी रंगाचं म्हणाल तर तुमचे डोळे शाबूत आहेत. दोन कापडांना वेगवेगळे डाय वापरलेले असतात. बल्बखाली ते जुळतात, उन्हात नाही, कारण प्रकाश बदलला की प्रत्येक डाय त्याला वेगळं उत्तर देतो. म्हणून घरात मांडून काही ठरवू नका.

फ्लोरोसंट फ्रॉकचा त्रास मुलीला नाही, तिला मांडीवर घेणाऱ्याला. तो रंग उडून हनुवटीखाली आणि गळ्यावर पडतो, माणूस गुलाबी दिसतो. आणि कुणाचा उन्हात काळा होणारा चष्मा आहे का? तो अतिनील किरणांनी काळवंडतो, पुन्हा साफ व्हायला काही मिनिटं लागतात. शटर दाबेपर्यंत तो खिशात असू द्या, किंवा जुना साधा चष्मा शोधा.

बिनकामाचा: सगळ्यांनी काळं घाला, बारीक दिसाल. विषय संपला.

उन्हाचा चष्मा: मागे दाट झाडी आहे हो. संध्याकाळी काळे कपडे त्यात विरघळतील आणि ९ मुंडकी हवेत तरंगताना दिसतील. गडद हिरव्याचीही तीच गत.

दोन पोरांची आई: बाळाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. कपड्यांचे दोन जोड न्या, आणि चांगला जोड फोटोच्या पाच मिनिटं आधी चढवा, घरून घालून नेऊ नका. कडक कॉलर नको, उचलून घेतलं की ती कानापर्यंत जाते. घट्ट इलॅस्टिकचे मोजे तर नकोच. काढल्यावर पायावर जे लाल वळ राहतात ते फोटोत लख्ख दिसतात, आणि बाळाचे उघडे पाय मोज्यांपेक्षा कितीतरी गोड. जाऊबाई अंगावर पाजत असतील तर पुढून उघडणारा कपडा. माझ्या वेळी मी पाठीला चेन असलेला ड्रेस घातला होता, अर्ध्या सेशनमध्ये मी गाडीतच होते.

सुईदोरा: हुडीवरून भांडू नका. "आधी सगळ्यांचा ग्रुप शर्टात, मग तुझे एकट्याचे चार फोटो हुडीत" असा सौदा करा. शर्टही त्यालाच निवडू द्या, पण तुम्ही काढून ठेवलेल्या तिघांतून.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार! शुक्रवारी संध्याकाळी त्याच बागेत, त्याच वेळेला रंगीत तालीम केली. नऊही जणांना नेणं अशक्य, म्हणून कपडे हँगरसकट नेले आणि कुंपणाच्या तारेला ओळीने अडकवून मोबाइलवर फोटो काढले. फिरायला आलेल्या दोघांनी सेल आहे का म्हणून विचारलं.

तोच फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून पाहिला आणि बरंच कळलं. सासऱ्यांचा राखाडी कुर्ता आणि नवऱ्याचा धुरकट निळा शर्ट रंगात वेगळे, पण काळ्या-पांढऱ्यात अगदी एकच डाग. शेजारी उभे राहिले असते तर दोघांचा मिळून एक रुंद माणूस झाला असता. आता त्यांच्या मधे माझा मोतिया कुर्ता. दिरांचा पांढराशुभ्र शर्ट बाद, नजर सारखी तिथेच जात होती. ते आता बिस्किटीत. मुलाने तिघांतला वाइन टीशर्ट स्वतःहून उचलला, कारण विचारलं नाही. फ्रॉकऐवजी फिका गुलाबी, पण खिसे असलेला. खिशांनी काम केलं.

साडी मधे धरून बाकीचं जुळवलंय हे सासूबाईंना सांगितल्यापासून त्याच सगळ्यांचे कपडे तपासताहेत. काल जावेला म्हणाल्या, "तुझा निळा जरा बोलतोय जास्त."

एकच अडचण उरली. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ते पांढरेफेक स्पोर्ट्स शूजच घालतात. दुसरे कुठलेच बूट चालत नाहीत. काय करू?

दोन पोरांची आई: त्यांना खुर्ची द्या, आणि सहा वर्षांच्या ताईला त्यांच्या पायांपुढे गवतावर बसवा. बूट आपोआप झाकले जातील. खुर्चीवर बसलं की पँट वर सरकते, तेव्हा मोजे मात्र आजच बघून ठेवा.

धागाकर्ती: बघितले. एक तपकिरी, एक काळा. शोधायला घेतलेत.