शब्दचर्चा : मेंदूची साखर ‘कमी पडते’ की तिला ‘उचल नाही’?

ऐरोलीहून लिहितेय. आईला अल्झायमर आहे. तिच्या पेट (PET) स्कॅनच्या, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती साखर घेतो ते दाखवणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टात ‘हायपोमेटाबोलिझम’ हा शब्द होता. घरी मी अर्थ सांगितला, ‘मेंदूला साखर कमी पडतेय’. दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळ-संध्याकाळ तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवू लागले. रक्तातली साखर नॉर्मल आहे, हे त्यांना पटेना. चूक माझ्या शब्दांची होती. ‘मंद चयापचय’ म्हणून पाहिलं, तर त्यांना ‘अपचन’ ऐकू आलं. योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद १
‘कमी पडणे’ म्हटलं की खोट पुरवठ्यात आहे असं वाटतं. इथे तसं नाही. शरीराच्या वजनात मेंदू जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के. स्कॅनआधी टोचतात ते ग्लुकोजसारखंच द्रव्य असतं, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं. पेशी ते ग्लुकोज समजून आत घेते, पण पुढे वापरू शकत नाही. ते तिथेच अडकतं. जिथे जास्त अडकलं तो भाग उजळ. अल्झायमरमध्ये कानाच्या वरचा आणि मागचा भाग फिका दिसतो, हालचालीचा आणि दृष्टीचा भाग बराच काळ उजळ राहतो. मी ‘उचल’ सुचवेन. ‘शोषण’ म्हटलं की पिळवणूक आठवते आणि ‘ग्रहण’ म्हटलं की सूर्य-चंद्र.

प्रतिसाद २
‘उचल’ म्हणजे आगाऊ घेतलेले पैसेही. मला ‘खप’ आवडतो. चेतापेशींमधले जोड तुटत जातात, काम घटतं, म्हणून खप घटतो. पण ग्लुकोज आत नेणारी वाहक प्रथिनंही कमी झालेली आढळतात, ते ‘खप’मध्ये येत नाही. तिथे ‘उचल’च बरी. ‘मेंदूचा मधुमेह’ मात्र कृपया नको. ते ऐकून लोक साखरेच्या गोळ्या बदलायला धावतील.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. बाबांनी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आडत्याकडे तीस वर्षं हिशेब लिहिला. काल त्यांना म्हटलं, ‘माल गाळ्यावर आलाय, पण उचल नाही.’ लगेच कळलं. हातातला खडा त्यांनी परत डब्यात टाकला. थोड्या वेळाने विचारलं, ‘म्हणजे गिऱ्हाईकच कमी झालंय का गं?’

मी हो म्हटलं.