पोवळं जितं पाहायचं आहे: अंदमान की लक्षद्वीप? (चार जण, एक लाख)

संत्राबाग_मोर्शी
नमस्कार मंडळी. वरूड-मोर्शी पट्ट्यात आमची संत्र्याची बाग आहे. यंदा संत्र्याचा आंबिया बहार बरा गेला आणि व्यापाऱ्यानं पैसेही वेळेवर दिले. दोन्ही एकाच वर्षी, म्हणजे फिरून यायलाच पाहिजे.

आईच्या बोटात पंचवीस वर्षांपासून पोवळ्याची अंगठी आहे. मागच्या महिन्यात तिनं टीव्हीवर पाहिलं की पोवळं म्हणजे दगड नाही, समुद्रातला जीव आहे. तेव्हापासून एकच, "मले ते जितं पाहाचं हाये." आई ६३, बाबा ६८. दोघांनी समुद्र पाहिलेला नाही. आई शाकाहारी, बीपीची गोळी चालू. पोहता चौघांनाही येत नाही. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, मृग बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू व्हायच्या आत घरी. नागपूरहून सगळं धरून एक लाख. अंदमान की लक्षद्वीप, एवढंच सांगा.

निळाई_ठाणे
दोन्ही नको, मालदीव करा. आम्ही दिवाळीत गेलो होतो. पाण्यावरचा बंगला, जमिनीला काच, पलंगावर बसल्या बसल्या खाली मासे. आपल्याला व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो. तिघांचे अडीच लाख गेले, पण आईवडिलांसाठी एकदाच करायचं असतं. बजेट थोडं ताणा.

संत्राबाग_मोर्शी
ताई, घरात चौघांत मिळून एकही पासपोर्ट नाही.

ठेचाभाकर
भाऊ, कायले एवढ्या दूर जाता? मालवणले जा ना. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूलेच पोवळे हायेत, १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य हाये. आमी पाच जण गाडी करून गेलतो, पंचवीस हजारात घरी. सोलकढी पेलो, किल्ला पाह्यला, अजून काय पायजे?

घुम्या
पोवळं दिसलं का पण?

ठेचाभाकर
पाणी जरासं गढूळ होतं त्या दिवशी.

दर्यावर्दी_अकोला
लक्षद्वीपचं मी सांगतो, स्वतः जाऊन आलोय. ३६ बेटं, वस्ती १० वर. आधी प्रवेश परवाना काढावा लागतो, तो नसेल तर तिकिटाचा उपयोग नाही. नागपूरहून केरळ एक्सप्रेसनं एर्नाकुलम, कोचीहून जहाज, पुढे चौदा ते वीस तास. विमान अगत्तीला उतरतं, पण धावपट्टी लहान, म्हणून विमानही लहान आणि जागा मोजक्या. पाणी असं की तळाची वाळू मोजून घ्या.

आता मुद्द्याचं. बऱ्याच बेटांवर जहाज काठाला लागत नाही. बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं लहान होडीत उतरवतात. होडी वरखाली, जहाज वरखाली. माझ्या सासऱ्यांना दोन खलाशांनी काखेत धरून पोत्यासारखं खाली दिलं. सासरे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. तुमचे बाबा ६८ आहेत म्हणून लिहिलं. माझं मत मात्र लक्षद्वीपच.

विदर्भकन्या
जिल्ह्याच्या गावातल्या एजंटाला ॲडव्हान्स देऊ नका, एवढंच सांगते. आमच्या भिशीतल्या आठ बायकांनी अंदमानसाठी दहा-दहा हजार दिले. निघायच्या चार दिवस आधी दुकानाला कुलूप, फोन बंद. सहा महिन्यांनी निम्मे मिळाले, तेही त्याच्या भावाच्या लग्नात जाऊन बसलो तेव्हा. तिकीट स्वतःच्या हातानं काढा.

नेरचे_मास्तर
थोडी माहिती. अंगठीतलं लाल पोवळं आणि आपल्या बेटांभोवतीचं पोवळं एक नव्हे. दागिन्यातलं भूमध्य समुद्रातून, जपानच्या बाजूनं, खोल पाण्यातून येतं. आपल्याकडचं उथळ, उन्हाच्या पाण्यात वाढतं, कारण त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं आणि ते शेवाळ उन्हावर अन्न तयार करून त्याला पोसतं. पाणी फार तापलं की जीव शेवाळाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. १९९८ आणि २०१० मध्ये अंदमानात असं मोठ्या प्रमाणावर झालं. तेव्हा आईंना आधीच सांगून ठेवा, टीव्हीसारखा लालभडक रंग दिसणार नाही. जिवंत पोवळं बहुतेक तपकिरी, हिरवट, कुठे जांभळट.

वास्तुशांती
अंगठीतलं पोवळं खरं असेल तर दुधात टाकल्यावर दूध गुलाबी होतं. आधी ते बघा.

नेरचे_मास्तर
दूध गुलाबी झालं तर रंग सुटतोय, म्हणजे रंगवलेलं आहे. उलट काळजी करा.

वास्तुशांती
आमच्या गुरुजींनी ताटात करून दाखवलंय मास्तर. सगळं पुस्तकात नसतं.

घुम्या
दूध कोणतं, गाईचं का म्हशीचं?

नाग_नदीकाठी
विषयावर या रे. मी तीनदा अंदमानला गेलोय, तुमच्या कामाचं लिहितो.

नागपूर ते चेन्नई रेल्वे, तिथून विमान. चेन्नईहून जहाजही आहे, पण तीन दिवस लागतात, म्हाताऱ्यांना नको. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, तिकीट काढताना गोंधळू नका.

पोवळ्यासाठी जॉली बॉय बेट. वंडूर धक्क्याहून बोट, वनखात्याची परवानगी, सोमवारी बंद. प्लास्टिकची पिशवी-बाटली नेऊ देत नाहीत, बेटावर दुकान नाही, म्हणून आईंना दशम्या-चटणी स्टीलच्या डब्यात द्या. तळाला काच असलेली होडी असते. बसल्या जागी दिसतं, पोहायची गरज नाही. सकाळी ऊन वर आल्यावर, वारा नसताना सगळ्यात स्वच्छ.

तिकडे घड्याळ आपलंच, पण सूर्य लवकर जातो. साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणून दिवस पहाटे सुरू करा. वाळूतलं मेलेलं पोवळंसुद्धा उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅग उघडतात.

स्कूबा_किंग
हॅवलॉक बेटावर स्कूबा (टाकी लावून समुद्रात बुडी) नाही केलं तर अंदमान वाया. मी बारा मीटर गेलो होतो, फोटो टाकतो.

डॉक्टरीणबाई
बीपी असलेल्या ६३ वर्षांच्या बाईंना स्कूबा सुचवू नका. काचेची होडी पुरे. उलटीची गोळी बोटीत चढायच्या आधी घ्यायची असते, चढल्यावर नाही, आणि बीपीच्या औषधासोबत कोणती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

दर्यावर्दी_अकोला
हॅवलॉक नाही, २०१८ पासून स्वराज द्वीप.

स्कूबा_किंग
बोर्डावर काहीही लिहा, बोटवाला हॅवलॉकच ओरडतो.

निळाई_ठाणे
मालदीवला ही पिशवी-बाटलीची कटकट नव्हती.

मुलूख_वेगळा
मास्तरांनी सांगितलंच आहे, पण पुन्हा सांगतो, टीव्हीसारखा रंग नसतो. आणि नील बेट कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, आता शहीद द्वीप. बोटीनं दीड-दोन तास. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं तिथे वसवलं, त्यांनी शेती उभी केली. अंदमानच्या बाजारातला बराच भाजीपाला तिथला. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या होड्या आहेत. रात्री मात्र काहीच नाही, बेडूक ऐकायचे.

संत्राबाग_मोर्शी
सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना धागा मोठ्यानं वाचून दाखवला. आई म्हणते लाल नसलं तरी चालेल, जितं असलं म्हणजे झालं. दुधाचा प्रयोग तिनं लगेच केला. दूध पांढरंच राहिलं. आता ती वास्तुशांतींवर रागावली आहे आणि मला सोनाराकडे चल म्हणते.

ठरलं असं: जीटी एक्सप्रेसनं चेन्नई, पुढे विमान. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, कारण बाबांना ते पाहायचंच होतं. मग थेट नील, तीन रात्री. हॅवलॉक नाही. जॉली बॉयही नाही, सॉरी नाग_नदीकाठी, भरतपूरच्या होडीत दिसेल तेवढं पुरे. बाबांनी समुद्राबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. ते विचारतात, चारी बाजूनं खारं पाणी असताना तिथला माणूस वांग्याला पाणी कुठून देतो? ते पाहायला तीन रात्री.

स्कूबा_किंग
हॅवलॉक न करता अंदमान? पैसे पाण्यात.

ठेचाभाकर
मालवण एका दिवसात झालं असतं.

नाग_नदीकाठी
सॉरी कशाला. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच नीलहून निघा. वारा सुटला की बोटी रद्द होतात, मी एकदा चांगलाच फसलोय.

घुम्या
ते जाऊ द्या भाऊ, मृगाचा सौदा झाला का? काय भाव सांगून राहिला व्यापारी?