लाकडी बाण: खाचेत आडवी पट्टी नसेल तर मैदानावर आणू नये

सातपूरचा फिटर
नाशकात घरी लाकडी बाण बनवणारे आता बरेच झालेत. काडी सरळ करण्यात आणि पिसं चिकटवण्यात सगळे जीव ओततात, आणि दोरी अडकवायला शेपटीला मात्र करवतीने एक खाच मारून मोकळे होतात. माझं मत स्पष्ट आहे. साग असो की पाइन, नुसत्या खाचेचा बाण सरावाला येऊच नये. खाचेत आडवी कठीण पट्टी हवी.

दोरी सुटली की सगळा जोर खाचेच्या त्या इवल्याशा तळावर येतो. लाकडाचे तंतू लांबीला धावतात, म्हणून तिथे दोरी ओंडक्यात बसणाऱ्या कुऱ्हाडीचं काम करते. काडी उभी चिरली की दोरीला ढकलायला काहीच उरत नाही. बाण न लावता दोरी सोडल्यावर होतं तेच मग होतं, धनुष्य मोडू शकतं. शिवाय चिरलेली काडी धनुष्य धरलेल्या हातात घुसते, ते वेगळंच.

मी करतो ते सांगतो. 8 मिलिमीटरची काडी घ्यायची. टोकावर लाकडाच्या वाढीच्या वलयांच्या रेषा दिसतात, त्यांना समांतर अशी दीड-दोन इंच खोल चीर घ्यायची. हॅक्सॉची दोन पाती टेपने एकत्र बांधली की रुंदी बरोबर येते. तिच्यात पट्टी अ‍ॅराल्डाइटने बसवायची, वरून दोरा गच्च आवळायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. मग पट्टीला काटकोनात, म्हणजे वलयं आडवी कापत, 7-8 मिलिमीटर खोल खाच. शेवटी बारीक गोल कानस. बाण दोरीला स्वतःच्या वजनाने लटकला पाहिजे आणि दोरीला टिचकी मारली की सुटला पाहिजे. पट्टीसाठी मी हायलम (रेझिनचा कडक पत्रा) वापरतो. इलेक्ट्रिक पॅनेलवाल्यांकडे कापून उरलेले तुकडे असतात, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत विचारा.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. इंग्लंडचं 'मेरी रोझ' हे जहाज 1545 मध्ये बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं. त्यात हजारो बाण निघाले. त्यांच्या शेपटीत शिंगाच्या पट्टीसाठी साधारण 5 सेंटिमीटरची चीर आहे. पाण्यात शिंग गेलं, चीर राहिली.

हरसूलकर
दादा, त्या जहाजावरची धनुष्यं 100 पौंडांच्या वरची (म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागतो), युद्धाची. आपल्या मैदानावर 30-35 पौंडांच्या पुढे किती जण जातात? तोफेचा नियम छर्‍याच्या बंदुकीला कशाला लावायचा?

आणि साग, पाइन सोडून बांबूकडे बघा. आमच्या हरसूल-पेठ पट्ट्यात काडी म्हटली की बांबूच. बारीक मानवेल जवळजवळ भरीव असतो. खाच अशी घ्यायची की गाठ खाचेच्या तळाच्या लगेच खाली यावी. गाठीत तंतू एकमेकांत गुंततात, त्यामुळे चीर निघाली तरी तिथे अडते. निसर्गानेच बसवलेली पट्टी आहे ती. गाठीखाली चार वेढे दोऱ्याचे दिले की झालं. ज्याला चांगला बांबू निवडता येत नाही, त्याला मग हायलम लागतं.

सातपूरचा फिटर
बांबूबद्दल तुमचं मान्य. मी लाकडाबद्दलच लिहिलंय. पण नवशिका दुकानातून गोल दांडी आणतो, तिच्यात गाठ कुठून आणायची? त्यातून बर्‍याच दांड्यांचे तंतू तिरके गेलेले असतात. चीर तिरकी निघाली की ती खाचेपाशी थांबत नाही.

पौंडांचंही तसंच. 30 पौंडांत चिरलेली काडी हातात घुसत नाही असं कोण म्हणेल?

येवल्याची रेश्मा
माझा पट्टीलाच विरोध आहे. 8 मिलिमीटरच्या काडीत आधी एक चीर, मग तिला छेदून दुसरी. टोकाला उरतं काय? चार बारीक खुंट, आणि त्यांना धरून ठेवणारा फक्त गोंद. गोंद नीट बसला तर उत्तम. मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर बाहेरून काहीच कळत नाही, वरून सगळं गुळगुळीत आणि छान दिसतं. तुम्ही खात्रीचा म्हणून जो बाण देता, तोच आतून पोकळ असू शकतो.

दोऱ्याचं तसं नाही. खाचेच्या तळापासून खाली एक-सव्वा सेंटिमीटर रेशीम गुंडाळायचं. आमच्याकडे पैठणीमुळे रेशमाला तोटा नाही. दोन-तीन पदरी पिळून घ्यायचं, वेढ्याला वेढा चिकटून, एकावर एक चढू द्यायचा नाही. शेवटचं टोक आत ओढून घ्यायचं आणि वरून पातळ गोंद मुरवायचा. काडीला आतून ताण आला की वेढ्यांमध्ये फट दिसते, गोंदाला पांढरी रेघ पडते. तो बाण बाजूला काढायचा. जे डोळ्यांना दिसतं त्यावर मी भरवसा ठेवते.

शिंगाबद्दलही एक. ते नीट ठेवलं नाही तर कसर लागते, पिसांना लागते तशीच. आणि सरसाने चिकटवायचं कुणी सुचवणार असेल, तर पावसाळ्यात इगतपुरीला जाऊन दाखवा. दमटपणाने सरस मऊ पडतो.

सातपूरचा फिटर
ताई, दोरा चीर खाली जाऊ देत नाही, हे बरोबर. पण खाचेचा तळ कोण सांभाळणार? दोरी प्रत्येक वेळी तिथेच आदळते. मऊ लाकडात तळ दबत जातो, खाच खोल होते आणि एका बाजूला कलते. मग बाण उजवीकडे का जातोय म्हणून माणूस पिसं बदलत बसतो. पट्टी असली की दोरी तिच्या कडेवर टेकते आणि तळ जागचा हलत नाही.

बुडबुड्याचा मुद्दा मात्र खरा आहे. पट्टी थिनरने पुसून, चिरेत दोन्ही भिंतींना गोंद लावून मगच घाला. आवळताना दोन्ही कडांनी गोंद बाहेर आला पाहिजे. एका कडेला कोरडं दिसलं तर काढून पुन्हा लावा.

पंचवटी पालक
माझी मुलगी 11 वर्षांची, सरावाला येते. तुमची चर्चा वाचून मी काडीला 11 अंशांचा निमुळता उतार देऊन प्लास्टिकची खाच चिकटवून घेतली. तुटली तर दहा मिनिटांत नवी बसते. लहान मुलांच्या हातात ना पट्टी द्या, ना रेशीम. हौस मोठ्यांची, इजा पोरांना, असं नको.

आणि एक विचारायचं होतं. गावाकडे सांबराचं गळून पडलेलं शिंग एकाकडे आहे. त्याच्या पट्ट्या चालतील का?

हरसूलकर
ताई/दादा, सांबर-चितळाचं शिंग घेऊच नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते येतं. गळून पडलेलं असलं तरी त्याची खरेदी-विक्री चालत नाही. शिंगच हवं असेल तर म्हशीचं घ्या, आणि घासताना तोंडाला मास्क लावा. ती धूळ छातीला वाईट.

मुलीसाठी प्लास्टिक केलंत ते योग्य. फक्त उन्हात पडून पडून ते ठिसूळ होतं, तेवढं बघत जा.

येवल्याची रेश्मा
फिटर दादा, तळ दबतो हे मी नाकारत नाही. म्हणून तर मी सागाची खाच कमी खोल घेते आणि तळ दबला की काडी तेवढी कापून नवी खाच काढते. बाण थोडा आखूड होतो, आणि माझी ओढ (दोरी मागे ओढण्याची लांबी) कमी असल्याने चालतो. ज्याची ओढ लांब आहे त्याने असं करू नये, बाण धनुष्याच्या आत येईल.

'आणूच नये' हा तुमचा नियम मला मान्य नाही. त्याऐवजी सरावाआधी प्रत्येकाने काडी दोन हातांनी किंचित वाकवून, कानाशी धरून ऐकावी. करकर आली की बाण मोडायचा, मग आत पट्टी असो, दोरा असो की गाठ. नियमच करायचा तर हा करा, मी सही करते.

सातपूरचा फिटर
वाकवून बघणं उद्यापासून लागू करू, माझ्या बाणांनाही. पण नुसत्या खाचेला माझी परवानगी नाही. पट्टी नको तर निदान दोरा दाखवा.