'रोगप्रतिरोधी'ला मराठीत काय म्हणायचं?

राजवाडावाली: मामेभावाची शेती लातूरकडे, त्याला इथल्या, इंदूरकडच्या सोयाबीन वाणांचं हिंदी पत्रक मराठीत करून पाठवतेय. 'पीला मोज़ेक प्रतिरोधी'चं मी 'पिवळा मोझॅक प्रतिबंधक' केलं, तर सासरे म्हणाले प्रतिबंधक तर लस असते. मग काय लिहू?

पलासियाचा पंत: सासऱ्यांचं बरोबर. प्रतिबंध म्हणजे बाहेरून केलेला बंदोबस्त, इथे गुण बियाण्यातच आहे. 'प्रतिकारक' लिहा. प्रतिरोधी ही इंदुरी हिंदीची लागण.

स्नेहलतागंज: लागण कसली? विरोध चालतो, अवरोध चालतो, जलरोधक चालतं, प्रतिरोध आला की लगेच हिंदी?

कृषीकॉलेजवाला: अहो आधी झाड काय करतं ते बघा. तांबेरा रोगाची बुरशी गव्हाच्या पानात शिरते, वाणात नेमकं जनुक असेल तर त्याचं प्रथिन बुरशीच्या प्रथिनाला ओळखतं आणि तिथल्या पेशी स्वतःच मरून जातात, बुरशीला जिवंतच पेशी लागते म्हणून ती उपाशी, पानावर नुसता सुकलेला बारीक ठिपका. म्हणजे रोग दारात नाही, घरात येऊन अडतो. आणि हे कायमचं नसतं. अमेरिकेत फ्लोर या शास्त्रज्ञांनी जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवलं की झाडाच्या एका जनुकासमोर बुरशीचं एक जनुक असतं, तिचं बदललं की याचं फुकट. गव्हातलं एसआर ३१ हे असंच जनुक कित्येक वर्षं काळ्या तांबेऱ्याला पुरून उरलं, १९९८ मध्ये युगांडात यूजी ९९ हा त्या बुरशीचा नवा प्रकार सापडला आणि संपलं. तेव्हा 'प्रतिबंधक' लिहून भावाला गॅरंटी देऊ नका.

राजवाडावाली: दादा माझं मोझॅकचं होतं, तो व्हायरस, पांढरी माशी आणते. खाली एका वाणाला 'सहनशील'पण लिहिलंय.

कृषीकॉलेजवाला: ते वेगळं. सहनशील वाणात व्हायरस वाढतो, पानं पिवळी दिसतात, पण उत्पन्न फार पडत नाही. जेएस ३३५ हे सोयाबीनचं वाण दोन्हीत बसत नाही, त्यावर मोझॅक लगेच येतो.

स्नेहलतागंज: सहनशील सुनांसाठी राहू द्या, 'तग धरणारं' लिहा की.

पलासियाचा पंत: सरकारी पत्रकात तग? आणि तांबेरा बघा कसा नेमका शब्द, तांब्यावरून. हिंदीत नुसतं गेरुआ.

माळव्यातली माई: नुसतं काय? आमच्या घरी तीन पिढ्या मराठी, सगळे गेरुआच म्हणायचे. तांबेरा मी पुण्याच्या जावेकडून ऐकला, मला वाटलं ती भांड्यांबद्दल बोलतेय.

स्नेहलतागंज: माई, तुमच्याकडे गेरू म्हणायचे की काव?

माळव्यातली माई: भिंतीला गेरू, कुंडीला काव.

पलासियाचा पंत: दोन्ही एकच हो.

माळव्यातली माई: मुळीच नाही, रंग लावून बघा.