मुक्कामी एसटीवर मालिका हवी

नवी मालिका कशावर हवी, या चर्चेत आलेल्या किल्ल्यांवरची मालिका आणि गुप्तहेरकथा, दोन्ही सूचना पटल्या. माझ्या मनात मात्र बरीच वर्षं मुक्कामी एसटी घर करून आहे. प्रत्येक भागात एक आगार, एक शेवटचं गाव, एक रात्र. संध्याकाळची शेवटची गाडी गावात पोचते, चालक-वाहक तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघते. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासूनच्या किती गोष्टी गावोगाव पडून आहेत!

आमच्याकडे गाडी मारुतीच्या पाराशी लागायची. तालुक्याला शिकणाऱ्या पोरांचे डबे तिच्यातूनच जायचे. आई फडक्याची गाठ दोनदा ओढून बघायची, भावाच्या नावाची चिठ्ठी खोचायची आणि वाहकाला म्हणायची, "मास्तर, डबा तेवढा सरळ ठेवा हं." गाडी चुकली त्या दिवशी तिलाही घास उतरला नाही.

यात खलनायक नकोच. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी चाललंय, गाडी घालायची की थांबायचं, एवढ्यावर अख्खा भाग उभा राहील. २६ भाग पुरेत, ताणू नये. आणि वाहक होणाऱ्या नटानं तिकिटाचा पंच वाजवायला आधी शिकावं, तो आवाज खराच हवा.