ब्विंडीत गोरिला: कोणता सेक्टर घ्यावा? सोबत ६३ वर्षांची आई आहे

मुक्ता_पुणे
जुलैच्या शेवटी मी आणि आई युगांडाला जाणार आहोत. आई रोज तीन-चार किलोमीटर चालते, पण उतारावर तिचा उजवा गुडघा कुरकुरतो. तिथल्या ब्विंडी राष्ट्रीय उद्यानात एक दिवस गोरिला आणि दोन दिवस बाकीचं जंगल, असा बेत आहे. बुहोमा, रुहिजा, रुशागा, न्कुरिंगो या सेक्टरांपैकी (जंगलाच्या भागांपैकी) कोणता घेऊ? युगांडातल्या एंटेबेला उतरावं की रवांडातल्या किगालीला? चिंपांझीही तिथेच दिसतात का? कॅमेऱ्याला १००-४०० लेन्स आहे.

रानवाट
विमानाचं तिकीट काढायच्या आधी गोरिला बघायचं परमिट पक्कं करा. परमिट ठराविक तारखेचं आणि ठराविक सेक्टरचं असतं, ते दुसरीकडे चालत नाही. नेहमीची चूक म्हणजे परमिट रुशागाचं आणि हॉटेल बुहोमाला. नकाशावर दोन्ही एकाच जंगलाच्या कडेला दिसतात, पण मधला घाटरस्ता तीन-चार तास खातो आणि हजेरी सकाळी साडेसातच्या सुमारास असते. जुलै २०२४ पासून परदेशी पर्यटकाला परमिट ८०० डॉलरचं आहे. जून ते ऑगस्ट कोरडा मोसम, म्हणून गर्दीचा. काही महिने आधी हालचाल करा.

तुमच्यासाठी मी बुहोमा म्हणेन. उंची साधारण १५०० मीटर, गेटजवळच राहायची सोय, आणि उरलेल्या दोन दिवसांसाठी मुन्यागा धबधब्यासारख्या पायवाटा तिथूनच निघतात. न्कुरिंगोत गावं डोंगराच्या धारेवर आणि गोरिला बऱ्याचदा खाली दरीत. म्हणजे आधी उतार, मग थकल्यावर चढ. ते टाळाच. रुहिजा २३०० मीटरच्या आसपास आहे. तिथे रात्री स्वेटर लागतो, पण पक्षीवेड्यांना तोच सेक्टर हवा असतो.

डोंगरमाथा
बुहोमाबद्दल थोडा मतभेद. गुडघ्याचा प्रश्न असेल तर रुशागाचाही विचार करा. माणसांना सरावलेले सगळ्यात जास्त कळप तिथे आहेत, त्यामुळे जवळचा कळप देणं वॉर्डनला सोपं जातं. कळपाची वाटणी त्याच दिवशी सकाळी होते. हजेरीच्या वेळी आईंचं वय आणि गुडघा स्पष्ट सांगा, एकदा गट पडले की बदल होत नाही. तरी हमी कोणीच देऊ शकत नाही. गोरिला रोज रात्री नवं घरटं करतात. ट्रॅकर पहाटे कालच्या घरट्यापासून माग काढतात आणि वॉकीटॉकीवर ठिकाण कळवतात. चाल एक तासाची होईल की सहा तासांची, हे रात्री कळप किती सरकला यावर ठरतं.

सेक्टर ठरला की विमानतळ आपोआप ठरतो. रुशागा असेल तर किगाली, तिथून सीमा ओलांडून चार-पाच तास. बुहोमा असेल तर एंटेबे. रस्त्याने नऊ-दहा तास, नाहीतर छोट्या विमानाने किहिहीची धावपट्टी. त्या विमानात सामान १५ किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस अडते.

किगालीमार्गे गेलात तर पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा सोयीचा: १०० डॉलर, ९० दिवस, युगांडा-रवांडा-केनिया तिन्ही देश. मात्र तो ज्या देशाकडून घ्याल त्याच देशात आधी उतरावं लागतं. रवांडात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, चकल्या-चिवडा डब्यात भरा.

पीतज्वराची लस दोघींनाही हवी, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनीच ग्राह्य होतं. ते नसेल तर युगांडात शिरताना अडचण, आणि परत येताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. आईंच्या डॉक्टरांशी आधी बोला, मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारा.

मुक्ता_पुणे
बुहोमा-एंटेबेच करतो. आईला चाल झेपलीच नाही तर? आणि कपडे? सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकसारखेच?

रानवाट
थोडेफार. फरक असा की ब्विंडीत शेवटच्या टप्प्यात पायवाट नसते. ट्रॅकर कोयत्याने वेली छाटत पुढे जातात, पाय मातीवर नाही, दबलेल्या पाल्यावर पडतो. म्हणून घोट्याला आधार देणारे, खोल खाचांचे बूट. जाड पँट, ती मोज्यांत खोचायची, नाहीतर सफारी मुंग्या आतून चढतात. बागकामाचे हातमोजे घ्या, कारण तोल जाताना हात हमखास आग आणणाऱ्या नेटलच्या झुडपावर पडतो. शॉर्ट्स नकोतच. कोरड्या मोसमातही रेनकोट आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी.

पोर्टर प्रत्येकीने एक घ्या, १५-२० डॉलर. तो नुसती बॅग उचलत नाही, चढावर ओढतो, उतारावर धरतो. गुडघ्याला खरा आधार तोच. अगदीच झेपलं नाही तर माणसांनी खांद्यावर वाहायची डोली मिळते. ती महाग असते, पण सकाळीच सांगून ठेवता येते. नोटा स्वच्छ आणि नव्या छपाईच्या न्या. जुन्या किंवा फाटक्या डॉलरला तिथे कोणी हात लावत नाही.

गटात आठच जण, कळपाजवळ एक तास, अंतर १० मीटर, तोंडाला मास्क. हे सोपस्कार नव्हेत. माणसाची साधी सर्दी गोरिलाला मारू शकते. त्यामुळे त्या सकाळी खोकला किंवा जुलाब असेल तर जाऊ देत नाहीत. सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवर रुपेरी केस असलेला मोठा नर, अंगावर धावून आलाच तर पळू नका. खाली बसा, नजर जमिनीकडे. बहुतेकदा ते नुसतं धमकावणं असतं.

पानगळ
चिंपांझी ब्विंडीत आहेत, पण माणसांना सरावलेले नाहीत. त्यांच्यासाठी युगांडातल्याच किबालेच्या जंगलात जावं लागतं, आणि दोन दिवस वाढवावे लागतात. वाटेत क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानाचा इशाशा हा भाग लागतो, तिथले सिंह झाडावर चढून बसण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. वेळ असेल तर हा मार्ग सोडू नका.

बुहोमाच्या पायवाटांवर माकडं ओळखायला सोपी आहेत. नाकावर पत्त्यांतल्यासारखा पांढरा बदाम असेल तर रेड-टेल. खांद्यावरून पांढरी झालर लोंबत असेल तर कोलोबस, त्याला अंगठा जवळजवळ नसतोच. पांढऱ्या दाढीचं, जमिनीवरून चालत जाणारं ते ल्होएस्ट. हत्तीची बहुधा लीदच दिसते, पण सोबतच्या रेंजरकडे बंदूक असते ती त्याच्यासाठी. पक्ष्यांसाठी रुहिजाच्या रस्त्यावरचा ‘द नेक’ हा अरुंद पट्टा एक सकाळ देण्याजोगा.

लेन्स पुरेल, पण गोरिला १०० ते २०० मध्येच बसतो. ४०० ला फ्रेममध्ये नुसतं नाक येईल. काळी केसाळ पाठ बघून कॅमेरा चित्र जास्त उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर उणे ०.७ ते १. आयएसओ ३२०० पर्यंत न्यायला कचरू नका, फ्लॅश पूर्ण बंद. कोलोबसला मात्र उलट: मागे पांढरं आभाळ असतं, तिथे अधिक १ ठेवा, नाहीतर माकडाची नुसती सावली मिळते.